ऊसतोड कुटुंबांची पाहणी कशी करावी: वाळवा-पलूसच्या फडावर उतरण्याआधी

समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली की सांगली-साताऱ्यात दरवर्षी दहाजण तरी 'ऊसतोड कामगारांची सामाजिक-आर्थिक स्थिती' असा विषय घेतात. विषय हाताशी असतो. साखराळे, कुंडल, वांगी, रेठरे, जिकडे जावं तिकडे दिवाळीनंतर कारखान्याचं धुराडं पेटलेलं असतं आणि टोळ्या आलेल्या असतात. तरीही बहुतेक प्रबंधांत कुटुंब सापडत नाही. कारण प्रश्नावली घेऊन गेलेला विद्यार्थी विचारतो, "तुमच्या कुटुंबात किती माणसं?" आणि समोरचा सांगतो, "दोन." तो खोटं बोलत नाही. टोळीत मोजमाप कोयत्याचं असतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो, म्हणून माणसंही कोयत्यातच मोजली जातात. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, झोपलेलं दीड वर्षाचं लेकरू, त्याला सांभाळणारी अकरा वर्षांची बहीण, गावी आजीजवळ ठेवलेला शाळकरी मुलगा आणि ती आजी, हे कुणीच त्या 'दोन'मध्ये नाहीत. तुमच्या पाहणीतही ते सुटले, तर तुम्ही मुकादमाचीच, म्हणजे मजूर जमवून आणणाऱ्या टोळीप्रमुखाचीच, वही नीट अक्षरात उतरवून काढली, एवढंच होतं.

विषय आधी लहान करा. 'सामाजिक-आर्थिक स्थिती' हा विषय नव्हे, ते शीर्षक आहे. सहा ते चौदा वयाची मुलं हंगामात दिवसभर काय करतात? उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षाचा निर्णय घरात कोण घेतं? बाळंतपण हंगामात आलं तर बाई कुठे जाते? अशा एका प्रश्नावर चार महिने नीट काम होतं. प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहा. ते वाक्य तुमच्या आईला वाचून दाखवल्यावर तिला समजलं पाहिजे.

टोळ्यांचे प्रकार आधी समजून घ्या

नमुना चुकतो तो इथेच. टायरबैलगाडीवाले बहुधा कारखान्याच्या जवळ मोठ्या तळावर उतरतात. शे-दीडशे कोप्या एका ठिकाणी दिसतात, जाणं सोपं असतं, म्हणून विद्यार्थी तिथेच जातो. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या मात्र आठ-दहा-बारा कोयत्यांच्या असतात आणि शिवारात विखुरलेल्या असतात. आज या गावच्या ओढ्याकाठी, पंधरा दिवसांनी तिसऱ्याच गावच्या माळावर. तळावरच्यांना निदान दुकान, दवाखाना, एखादी साखरशाळा (ऊसतोडीच्या मुलांची हंगामी शाळा) जवळ असते. शिवारातल्या टोळीला यातलं काहीच नसतं. फक्त तळ पाहून 'इतक्या टक्के मुलं शाळेत जातात' असा निष्कर्ष काढला, तर तो अर्ध्या जगाचा असतो.

दुसरी गफलत म्हणजे सगळे मजूर बीडचेच, असं धरून चालणं. बीड, अहिल्यानगर, परभणीकडचे पुष्कळ असतात हे खरं. पण कृष्णाकाठच्या फडावर याच जिल्ह्यातल्या जत, आटपाडीची आणि साताऱ्यातल्या माण-खटावची माणसंही भेटतात. जतच्या काही गावांतल्या बायका घरात कन्नड बोलतात, तांड्यावरून आलेल्या गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. प्रश्नावली पुस्तकी मराठीत असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच बाई मान डोलवू लागते आणि तुम्ही 'होय'ला खूण करत सुटता.

यादी कुठून मिळवायची

कारखान्याच्या शेतकी विभागाकडे तोडणी-वाहतुकीचे करार असतात. त्यातून वाहनं आणि मुकादम कळतात, माणसं कळत नाहीत. तरी सुरुवात तिथूनच करा. परवानगीचं पत्र सप्टेंबरातच द्या. एकदा गाळप सुरू झालं की तिथे कुणाला मान वर करायला फुरसत नसते. आज कोणती टोळी कुठे उतरली आहे, हे कारखान्याच्या गट ऑफिसातल्या, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चीटबॉयला तोंडपाठ असतं. तिसरी खूण अंगणवाडी सेविका आणि आशाताईंकडे. बाहेरून आलेल्या लहान मुलांची आणि गरोदर बायांची नोंद त्यांच्या वहीत बऱ्याचदा असते. तिन्ही याद्या समोर ठेवून ताळा करा. कारखान्याच्या यादीत नसलेली टोळी आशाताईच्या वहीत निघाली, तर ती हमखास घ्या. सगळ्यांत दुर्लक्षित घरं अशाच टोळीत असतात.

समजा यादीत ६०० कोयते निघाले. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली तर मूळ सूत्राने ३८४ येतात. लोकसंख्या लहान असल्याची दुरुस्ती केली की २३५. पुस्तक इथे थांबतं, पण तुम्ही थांबू नका. एका टोळीतली माणसं बहुधा एका गावची, एका भावकीची, एकाच मुकादमाची असतात. त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात, म्हणून दहा मुलाखतींतून दहांइतकी माहिती मिळत नाही. निदान दीडपट करावी लागते, म्हणजे ३५३. एका मुलाखतीला ४५ ते ५० मिनिटं. दोघांची एक जोडी दिवसात तीन-चार करते, दोन जोड्या मिळून सात. ३५३ साठी पन्नासच्या वर कामाचे दिवस लागतील, आणि तेवढे दिवस विद्यार्थ्याकडे नसतात.

मग काय करायचं? चूक ७ टक्के धरायची. मूळ आकडा १९६, दुरुस्तीनंतर १४८, दीडपट केल्यावर २२२. २५ टोळ्या चिठ्ठ्या टाकून काढा आणि प्रत्येकीतून नऊ कुटुंबं घ्या, २२५ होतात. साधारण ३२ दिवसांचं काम. तळ आणि शिवार यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवा, यादीतल्या प्रमाणात. टोळी नवापेक्षा लहान निघाली तर सगळी घ्या आणि कमी पडलेली पुढच्या चिठ्ठीतून भरा. अहवालात ७ टक्के असं स्वच्छ लिहा. ५ लिहून १२० मुलाखतींवर भागवण्यापेक्षा ते कधीही बरं.

कधी जायचं

टोळी उतरल्यावर पहिले पंधरा दिवस जाऊ नका. कोपी बांधायची असते, पाणी-जळण शोधायचं असतं, अंग कामाला लागलेलं नसतं. मधला डिसेंबर ते जानेवारी अखेर हा खरा काळ. फेब्रुवारीनंतर पट्टा केव्हा पडेल, म्हणजे हंगाम केव्हा संपेल, याचा नेम नसतो. ऊस संपला की टोळी एका रात्रीत निघून जाते आणि तुमच्या यादीतली सात घरं कोऱ्या रकान्यात राहतात.

दिवसाची वेळ त्याहून नाजूक. पहाटे चारला बाई उठलेली असते, उजाडायला फड गाठलेला असतो. संध्याकाळी गेलात तर चूल पेटलेली, लेकरू रडतंय, आणि तुम्ही विचारताय 'निर्णयप्रक्रियेतील सहभाग'. मोळ्या बांधून झाल्यात आणि गाडी यायची आहे, ही मधली वेळ सर्वांत चांगली. ती कधी अर्धा तास असते, कधी तीन तास. कारखाना काही कारणाने बंद असेल त्या दिवशीही निवांत बोलता येतं, पण त्या दिवशी कपडे धुणं आणि बाजार असतो, म्हणून बायकांकडे दुपारनंतरच जा. गाडी आली की प्रश्न अर्ध्यात सोडून उठायचं. 'एवढं एकच सांगा' म्हणायचं नाही. भरायला उशीर झाला तर बोलणी त्या बाईला बसतात.

मुकादम

त्याला टाळून टोळीत जाता येत नाही आणि त्याच्यासमोर मुलाखत होत नाही. उपाय साधा आहे: जोडीने जा. एकाने मुकादमाची स्वतःची मुलाखत घ्यायची. त्यालाही कारखान्याकडून उचल आलेली असते, त्याचेही कोयते पळालेले असतात, त्याचंही सांगण्यासारखं पुष्कळ असतं. तो बोलण्यात रमला की दुसरीने चार कोप्या सोडून बसायचं. मुकादमाची बायको किंवा भावजय मध्येच येऊन बसली तर प्रश्न बदला, पाण्याचं, जळणाचं विचारा. उचलीचा भाग दुसऱ्या दिवशीवर टाका. मजुरांची उचल मुकादमाला विचारून 'पडताळणी' करण्याचा मोह होतो. तो आवरा, कोण काय बोललं हे त्याला त्यातूनच कळतं.

सही, अंगठा आणि संमती

संमतिपत्रावर अंगठा मागितला की समोरचा माणूस आक्रसतो. का, ते समजून घ्या. उचल घेताना त्याने कागदावर, कधी स्टँपपेपरवर अंगठा दिलेला असतो. त्याच्या लेखी अंगठा म्हणजे कर्ज. म्हणून तोंडी संमतीची पद्धत संस्थेच्या नैतिकता समितीकडून आधीच मंजूर करून घ्या: मजकूर वाचून दाखवायचा, टोळीबाहेरचा एक साक्षीदार ठेवायचा, तारीख-वेळ तुम्ही लिहायची. आशाताई साक्षीदार म्हणून उत्तम. मुकादम किंवा शेतमालक कधीही नाही.

मजकूर सहा-सात वाक्यांचा पुरे. आम्ही कोण, कशासाठी विचारतोय, किती वेळ लागेल, नको त्या प्रश्नाला 'नको' म्हणता येतं, यातून घरकुल किंवा पैसे मिळणार नाहीत. हे शेवटचं दोनदा सांगा. आणि एक वाक्य बहुतेकजण गाळतात: 'लहान मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं, तर ते आम्हाला कायद्याने कळवावं लागेल.' पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे असं कळवणं बंधनकारक आहे. संशोधक म्हणून त्यातून सूट नाही. 'सगळं गुप्त ठेवू' असं तोंडभरून आश्वासन देऊन ठेवलं आणि समोर सोळा वर्षांची गरोदर मुलगी बसलेली निघाली, तर तुमच्यापुढे दोनच वाटा उरतात आणि दोन्ही वाईट. आधीच मार्गदर्शकांशी बसून ठरवा: कोण, कुणाला, किती तासांत कळवणार. बालकल्याण समितीचा पत्ता आणि १०९८ हा क्रमांक प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. बायकांसाठी १८१.

वेळेचा मोबदला रोख देऊ नका. एकाला दिला की टोळीत कुरबूर होते आणि नंतरचे सगळे पैशासाठी बोलतात. मलम, पट्टी, जंतुनाशक असलेली पेटी प्रत्येक टोळीला द्या, कुणी उत्तर दिलं, कुणी नाही, हे न पाहता. पाचटाने हात चिरलेले असतात, पेटी लगेच वापरात येते.

प्रश्न कसे विचारायचे

पहिलं पान माणसांचं. 'कुटुंब' हा शब्दच वापरू नका. विचारा, "या चुलीवर काल रात्री कोण कोण जेवलं?" ती झाली पहिली यादी. मग, "गावाकडच्या घरात कोण राहिलंय?" ही दुसरी. तिसरा प्रश्न, "यातलं कुणी अधूनमधून ये-जा करतं का?" तीन प्रश्नांत 'दोन'चे सात होतात. प्रत्येकापुढे वय, नातं, शाळा, काम, आणि गावी राहिलेल्यांना पैसे कोण पाठवतं ते लिहा. एकटी बाई किंवा मुलगा असेल तर टोळीत त्याला 'अर्धा कोयता' म्हणतात. विधवा, टाकलेल्या बाया इथे सापडतात. त्यांना वेगळा सांकेतिक अंक ठेवा, नाहीतर विश्लेषणात त्या नाहीशा होतात.

वय. सांगलीकर मुलं 'महापुराच्या आधी का नंतर' असं विचारतात, म्हणजे २०१९ चा कृष्णेचा पूर. बीडमधल्या केजच्या बाईला त्याचं काय? खुणेचं साल माणूस जिथून आला तिथलं हवं. मराठवाड्यातल्यांना ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, म्हाताऱ्यांना ७२ चा दुष्काळ. पाटण-कराडकडच्या वृद्धांना ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. सगळ्यांना चालणाऱ्या खुणा दोन: नोटबंदी आणि लॉकडाऊन.

लग्नाचं वय थेट विचारलंत तर शंभरातल्या नव्वद जणी 'अठरा' सांगतील. तो आकडा सगळ्यांना पाठ झाला आहे. त्याऐवजी, "लग्न झाल्यावर किती हंगाम केले?", "थोरलं लेकरू कितवं हंगाम झाल्यावर झालं?" असं विचारा आणि आजच्या वयातून वजा करा. दोन्ही आकडे स्वतंत्र रकान्यांत ठेवा. त्यांच्यातला फरक हाच निष्कर्ष असतो.

उचलीचा हिशेब एका बैठकीत होत नाही. पाच गोष्टी सुट्ट्या विचाराव्या लागतात: किती उचल, किती दिवसांनी किती खर्ची (घरखर्चाचे पैसे) मिळते, दिवसाला किती टन, खाडा पडला, म्हणजे काम चुकलं, तर किती कापतात, मागची बाकी किती. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, पण ठरलेला दर प्रश्नावलीत आधीच छापू नका. हातात काय पडतं ते विचारा. समजा टनाला ३६६ रुपये पडतात. दिवसाला दोन टन म्हणजे ७३२. १३० दिवस भरले तर ९५,१६०. उचल एक लाखाची आणि वीस आठवडे हजार-हजार खर्ची घेतली असेल, तर देणं १,२०,०००. पट्टा पडताना अंगावर २४,८४० बाकी. हे गणित तिथेच जमिनीवर काडीने मांडा आणि दाखवा. 'असंच का?' म्हटल्यावर माणूस स्वतःच दुरुस्त करतो: बैल मेला तेव्हाचे दहा हजार राहिले, सात दिवस ताप होता त्याचे खाडे धरले. छापील रकान्यात हे कधी येत नाही.

वरकड मिळकतही याच पानावर घ्या. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून काय सुटतं, शेतकऱ्याने खुशाली (वरची बक्षिसी) दिली का, ती कुणी ठेवली. वाढ्याचे पैसे बऱ्याचदा बाईच्या हातात राहतात, म्हणून बायकांच्या हातातला पैसा शोधत असाल तर 'निर्णयप्रक्रिये'चे बारा प्रश्न टाकून वाढ्याचे तीन विचारा.

ग्रामीण सामाजिक-आर्थिक स्तर मोजायच्या तयार श्रेण्या इथे बिनकामाच्या. घर, जमीन, जनावरं यांना त्यात गुण असतात. कोपीत बसून मोजलं तर सगळेच तळाला, गावाकडचं धरलं तर तीन एकर कोरडवाहूवाला मध्यमवर्गीय. दोन्ही ठिकाणचं स्वतंत्र नोंदवा आणि गुणांची बेरीज करू नका. 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' अशा पाच पायऱ्याही सोडा. सगळ्यांचं उत्तर 'बरं हाय' येतं.

मुलांच्या कामासाठी 'मुलं काम करतात का?' हा प्रश्न वाया जातो. 'काल'चा दिवस घ्या. कालची पहाट, पाणी आणणं, चूल, फड, गाडी भरणं, झोप. अकरा वर्षांच्या मुलीचा काल उलगडला की ती सकाळी पाचपासून लहानग्याला कडेवर घेऊन आहे, दोनदा पाणी आणलंय, भाकरी थापल्यात. आई सांगते, "ती काय काम करतीय, नुसती कोपीवर असती." दोन्ही वाक्यं लिहून घ्या. शाळेबद्दल विचारताना शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं) सोबत आहे का, ते बघा आणि जवळच्या शाळेत ते दाखवलं का, ते विचारा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर मोजणार असाल तर पट्टीचा वापर अंगणवाडी सेविकेकडून शिकून घ्या: ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्ये मध्यम. तीव्र निघालं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवायचं, अहवालापर्यंत थांबायचं नाही.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेबद्दल 'पिशवी काढली का' असंच विचारावं लागतं, आणि ते बाईनेच. २०१९ मध्ये बीडमधल्या प्रकारांवरून राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर इतकेजण विचारून गेले की बाया प्रश्नाआधीच ठरीव उत्तर देतात. म्हणून हा प्रश्न शेवटी, तिच्या बाळंतपणांच्या ओघात. कोणत्या साली, दवाखाना सरकारी की खासगी, डॉक्टरांनी कारण काय सांगितलं, पैसे कुठून आणले, नंतर किती दिवसांनी कोयता हातात घेतला. नळावर, घोळक्यात हे विचारू नये.

जात, धर्म आणि 'अल्पसंख्याक'

इथे शब्द जपून वापरा. केंद्राने अधिसूचित केलेले अल्पसंख्याक समाज सहा: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. कृष्णा-वारणाकाठी जैन शेतकरी पुष्कळ. म्हणजे उसाचा मालक कागदावर अल्पसंख्याक, आणि त्याच्या फडात राबणारी वंजारी, बंजारा, धनगर, मातंग घरं त्या यादीत नाहीत. वंजारी भटक्या जमाती 'ड'मध्ये, धनगर 'क'मध्ये, बंजारा विमुक्त जाती 'अ'मध्ये. 'अल्पसंख्याक' आणि 'दुर्बल' हे दोन रकाने एकमेकांत मिसळले की तक्ता निरर्थक होतो. जात माणसाने सांगितली तशी लिहा, प्रवर्ग नंतर तुम्ही भरा. टोळ्यांत मुस्लिम किंवा पारधी कुटुंबं चार-सहाच आली असतील तर त्यांची टक्केवारी काढू नका. त्यांच्यासाठी मुद्दाम शोधून सात-आठ दीर्घ मुलाखती घ्या आणि तसं लिहा.

नोंदी आणि सांभाळ

मोबाइलवर घ्यायचं असेल तर कोबो टूलबॉक्स फुकट आहे, देवनागरीत चालतं आणि रेंज नसताना नोंदी साठवतं. उसाच्या फडात रेंज नसतेच. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदवणं मात्र बंद ठेवा. पाच कोरे कागदी फॉर्म पिशवीत असू द्या. 'माहीत नाही' ९८, 'सांगायचं नाही' ९९. कोरा रकाना म्हणजे फक्त विचारायचं राहिलं. नावं वेगळ्या वहीत, फॉर्मवर क्रमांक. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो नकोत. रोज रात्री दोघांनी फॉर्म समोरासमोर तपासायचे. चूल-यादीत एकही मूल नाही आणि पुढे शाळेचं उत्तर भरलंय, अशा चुका दुसऱ्या दिवशीच दुरुस्त होतात.

लिहिताना नाव बदलणं पुरत नाही. 'पलूस तालुक्यातल्या एका गावातली नऊ कोयत्यांची टोळी, त्यातली एकच विधवा' असं छापलं की मुकादमाला ती कोण हे सांगायला नाव लागत नाही. तालुका काढा, कोयत्यांचा आकडा गोल करा, तक्त्यात पाचपेक्षा कमी असलेला आकडा दाखवू नका.

हंगामानंतर एकदा त्यांच्या गावी जावं लागतं. प्रवासाचे पैसे त्यासाठी आधीच बाजूला ठेवा. फोन नंबर बदलतो, म्हणून मुलाखतीच्या दिवशीच गाव, वस्ती आणि 'कुणाच्या घराशेजारी' ते लिहून घ्या. मे महिना गाठा; पावसाळ्यात पुढच्या हंगामाची उचल वाटायला सुरुवात झाली की मागच्या बाकीबद्दल कुणी मोकळं बोलत नाही. दुसऱ्या यादीतली आजी तेव्हाच भेटते. सहा महिने नातवंडं सांभाळताना दुकानदाराकडे किती उधारी झाली, हे तिलाच माहीत असतं.